वीण कोणाची, नाव कोणाचे?

२०२५ साल मोठे चमत्कारिक गेले. ‘ही वस्तू मुळात कोणाची?’ हा एकच प्रश्न त्या वर्षी कधी चपलांच्या, तर कधी गाण्याच्या रूपाने वर्तमानपत्रांत येत राहिला. जून महिन्यात प्राडा या इटालियन कंपनीने मिलान शहरी जी पादत्राणे मिरवली, ती पाहून कोल्हापुरातल्या आणि अथणी-निपाणीकडच्या कारागिरांनी कपाळाला हात लावला. चप्पल ओळखीची होती, नाव मात्र कोठेच नव्हते. ओरड झाली तेव्हा कंपनीने उगम मान्य केला, आणि डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी २,००० जोड इकडे करून घेण्याचा करार केला. त्याच वर्षी एका तमिळ चित्रपटातील गीतावरून दिल्लीच्या उच्च न्यायालयात ध्रुपदाचा वाद गाजला. त्याचा विचार पुढे करू.

हे वाद मोठ्यांचे, लाखा-कोटींचे. परंतु तोच प्रश्न आता आपल्या दांडिया बाजारातल्या आणि रावपुऱ्यातल्या माजघरांतही आला आहे, आणि तेथे तो लोकरीच्या गुंड्यातून व क्रोशाच्या सुईतून आला आहे. विणकाम ही आपल्या घरांतली बिनबोभाट चालत आलेली कला. बडोद्याची थंडी ती काय, चार आठवड्यांची. पण तेवढ्यासाठीही आपल्या बायका भाद्रपदापासून लोकर धुंडाळतात. बाळंतविड्यातले टोपडे, रुखवतातला रुमाल, दारावरचे तोरण, ही कामे कोणी शिकवली, नमुना कोठून आला, हे विचारण्याची कोणाला गरज पडली नाही. गच्चीवरून गच्चीवर विचारावे, समोरच्या बाईने दोन ओळी विणून दाखवाव्यात, की झाले. आता मात्र तरुण मुली क्रोशाची फुले, पिशव्या, बाहुल्या करून मोबाइलवरून देशभर विकतात. ही गोष्ट उत्तमच आहे. पण त्यामुळे नमुन्याला किंमत आली, आणि किंमत आली की मालकीचा प्रश्न उभा राहतो.

मी स्वतः सुई धरत नाही. गाणे शिकवणे हा माझा व्यवसाय, आणि वडील दरबारचे गवई. तेव्हा विणकामावर मी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. तथापि जो पेच आज विणणाऱ्या स्त्रियांपुढे आहे, तो आमच्या धंद्यात शे-दीडशे वर्षे मुरलेला आहे. म्हणून चार शब्द बोलण्याचे धाडस करतो.

आपल्याच शहरातल्या एका महिलामंडळात गेल्या हिवाळ्यात घडलेली गोष्ट घ्या. नावे सांगण्याचे कारण नाही. तेथल्या एका वयस्कर काकूंची तान्ह्या मुलाचा स्वेटर विणण्याची एक खास रीत होती. गळ्यापासून आरंभ करून खाली विणत यायचे, बगलेत शिवण म्हणून येऊ द्यायची नाही, आणि गळ्यालगत जाळीची एक ओळ अशी घालायची की तीतून नाडी ओवता यावी. जी मागेल तिला काकू ती शिकवीत. एका हुशार मुलीने त्यांच्या शेजारी बसून ती शिकून घेतली. मग तिने तीन वयांच्या मुलांसाठी टाक्यांचे हिशेब मांडले, छायाचित्रे काढली, स्वच्छ आठ पानांचा नमुना तयार केला, आणि तो स्वतःच्या नावावर विकायला काढला. काकूंना हे कळले ते मोठ्या मौजेने. त्यांच्याच भाचीने पैसे मोजून तो नमुना घेतला, आणि एक ओळ अडली म्हणून ती समजून घ्यायला काकूंकडेच आली!

काकू भांडल्या नाहीत. अडलेली ओळ त्यांनी भाचीला नीट समजावून दिली. पण त्या दिवसापासून कोणी वीण विचारायला आले की ‘आता आठवत नाही बाई,’ एवढेच त्या म्हणू लागल्या. मंडळात दोन तट पडले. एकीचे म्हणणे, ही सरळ चोरी. दुसरीचे म्हणणे, चोरी कसली? वरून खाली विणायची पद्धत जगभर आहे. मापे काढण्याची, लिहिण्याची मेहनत तर त्या मुलीचीच ना?

मला विचाराल, तर दोन्ही तट अर्धे बरोबर आहेत. घोटाळा होतो तो तीन निरनिराळ्या वस्तूंना एकच नाव दिल्याने. आमच्याकडे या वस्तू वेगळ्या ओळखण्याची सवय लहानपणापासून लागते. यमन हा राग कोणाचाच नाही; तो उस्तादाचा जितका, तितकाच काल शिकायला बसलेल्या पोराचा. त्या यमनात बांधलेली बंदिश मात्र कोणीतरी एकाने कधीतरी बांधलेली असते. ती ऐकून स्वरलिपीत उतरवणारा आणखी वेगळा, आणि मैफलीत ती गाणारा त्याहून वेगळा. तिघांचेही काम खरे, तिघांचेही श्रेय खरे; पण एकाचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर मांडले की हिशेब चुकला.

हाच हिशेब विणकामाला लावून पाहा. सुलट टाका, उलट टाका, जाळी, वेणी, क्रोशाची साखळी आणि खांब, हे सारे रागासारखे. त्यांवर कोणी हक्क सांगू नये. गळ्यापासून खाली विणण्याची रीतही अशीच सर्वांची. बार्बरा वॉकर या अमेरिकन लेखिकेचे त्या रीतीवरचे सबंध पुस्तक १९७२ सालीच निघालेले आहे. पण ती रीत, ती विशिष्ट जाळी आणि ती नाडी यांची जी एक बांधणी काकूंनी केली, ती त्यांची बंदिश. आणि आठ पानांचा नमुना, त्यातली मापे व छायाचित्रे, ही त्या मुलीची स्वरलिपी. मुलीने स्वरलिपीवर नाव घातले यात गैर काही नाही. बंदिशीवरचे नाव गाळले, हे गैर.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. काकूंना सुचलेली बांधणी आणखी कोणाला, आणखी कोठे, आपल्या आपण सुचलीच नसेल असे कोणी म्हणावे? एलिझाबेथ झिमरमन ही गेल्या शतकातली इंग्लंडात जन्मलेली आणि अमेरिकेत स्थायिक झालेली विणकामाची थोर शिक्षिका. लोकरीचे काम हजारो हातांनी पिढ्यान्पिढ्या केलेले आहे, तेव्हा ‘हे मीच प्रथम शोधले’ असे म्हणायला तिची जीभ रेटत नसे. म्हणून तिने इंग्रजीतल्या ‘इन्व्हेन्ट’ या शब्दाला जणू उलटा टाका घालून ‘अन्व्हेन्ट’ असा शब्द केला. म्हणजे काय, तर मी शोध लावला नाही, जे होतेच ते मला सापडले. एवढ्या अधिकाराच्या बाईने एवढी नम्रता दाखवावी, हे श्रेयावरून भांडणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मग कायदा काय म्हणतो? आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा. लिहिलेला मजकूर, काढलेली आकृती, छायाचित्र यांना तो संरक्षण देतो, आणि मजकुराच्या बाबतीत ते लेखकाच्या हयातीत व पुढे ६० वर्षे टिकते. हक्क विकून टाकले तरी ‘हे माझे लेखन आहे’ असे म्हणण्याचा लेखकाचा अधिकार कलम ५७ अन्वये शिल्लक राहतो. परंतु कल्पनेला, रीतीला, युक्तीला हा कायदा हात लावीत नाही. म्हणजे दुसऱ्या कोणी ती आठ पाने जशीच्या तशी छापली, किंवा पैसे देऊन घेतलेली प्रत शंभर जणींना फुकट वाटली, तर कायदा मुलीच्या बाजूला उभा राहील. काकूंनी तर कागदावर काही उतरवलेच नव्हते. न्यायालयात त्या दाखवणार काय? कायदा लेखी वस्तू पाहतो. कृतज्ञता हा त्याचा विषय नव्हे, आणि म्हणूनच ती आपला विषय झाली पाहिजे.

देवाणघेवाणीची आपली जुनी रीत काय होती, ते पाहण्यासारखे आहे. माझ्या आत्याची विणींची एक वही घरात आहे. प्रत्येक पानावर विणलेला बोटभर तुकडा टाचलेला, खाली टाक्यांची संख्या, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘इंदूरच्या वन्संकडून’, ‘देवासच्या मास्तरीणबाईंकडून, बदल्यात वेणीची वीण दिली’ अशा नोंदी. त्याच कपाटात वडिलांची बंदिशींची वही आहे, आणि तिच्या समासातही नेमके हेच आहे: चीज कोणाकडून मिळाली, कोणत्या साली, आणि तिच्या मोबदल्यात आपण कोणती दिली. दोघांनी एकमेकांच्या वह्या कधी उघडून पाहिल्या असतील असे वाटत नाही. तरी शिस्त एकच. फुकट देणे आणि नाव राखणे यांत त्यांना विरोध दिसला नाही. उलट, आपले नाव पुढे जाईल या भरवशावरच माणूस हात सैल सोडतो. पैसा न घेता देणाऱ्याला मिळणारी हीच एक दक्षिणा. ती बुडवली की देणे थांबते.

थांबले म्हणजे काय होते, हे आम्हा गाणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. जुने खाँसाहेब अस्ताई देत, पण अंतरा राखून ठेवीत, अशा गोष्टी प्रत्येक घराण्यात सांगतात. त्यांना कंजूष म्हणणे सोपे आहे. पण चीज परक्या तोंडी गेली की आपले नाव पुसले जाणार, ही त्यांची धास्ती निराधार नव्हती. त्या धास्तीपायी किती चिजा त्यांच्याबरोबर मातीत गेल्या, याची गणती नाही. याच आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा निघाली आणि गाणे स्वरलिपीत लिहून शिकवू लागले. येथेच १९१६ साली भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. पुढे त्यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या बंदिशी ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत मराठीतून छापल्या. त्या छापल्या म्हणून आज मी त्या शिकवू शकतो. ‘आता आठवत नाही बाई’ हे काकूंचे वाक्य मला म्हणूनच अंगावर काटा आणणारे वाटते. एक अंतरा पुन्हा मातीच्या वाटेला लागला आहे.

गवयांनी या धास्तीवर एक सुरेख उपाय काढला होता. रचनाकार बंदिशीच्या शब्दांतच आपली मुद्रा घाली. महंमदशहा रंगिल्याच्या दरबारचे नियामतखाँ ‘सदारंग’ म्हणून त्यांच्या ख्यालांतून आजही उभे आहेत. आपल्या दरबारचे फैयाजखाँसाहेब १९५० साली बडोद्यातच निवर्तले. पण त्यांची चीज कोणीही, कोठेही गायली, तरी ‘प्रेमपिया’ हे नाव तोंडातून गेल्यावाचून ती पुरी होत नाही. विणकामाला अशी मुद्रा नाही. टाक्यात नाव विणता येत नाही. रुखवतात तर याच्या उलट रीत. मावशीने रात्री जागून केलेल्या रुमालापुढे नवरीच्या नावाची चिठ्ठी लागते, आणि मावशीच ती चिठ्ठी सरळ करून ठेवते! घरात ही माया शोभते. बाजारात तीच रीत चालवली की तिला दुसरे नाव पडते.

आता कठीण भाग. श्रेय परंपरेला द्यायचे, की व्यक्तीला? स्कॉटलंडच्या उत्तरेस फेअर आइल हे जेमतेम पन्नास-साठ वस्तीचे बेट आहे. तेथल्या रंगीत पट्ट्यांच्या स्वेटरची वीण १९२०च्या सुमारास इंग्लंडच्या युवराजाने अंगावर घातली आणि जगभर पसरली. २०१५ सालच्या डिसेंबरात शॅनेल या फ्रेंच कंपनीने रोममध्ये जे कपडे दाखवले, त्यांत त्याच बेटावर राहणाऱ्या माती वेंत्रिलों या बाईंच्या रचना जशाच्या तशा आढळल्या. त्याच वर्षी कंपनीची माणसे बेटावर जाऊन त्यांच्याकडून कपडे विकत घेऊन गेली होती. बाईंनी जाहीर तक्रार केली. कंपनीने माफी मागून त्यांचे नाव घातले. फेअर आइलची नक्षी सर्वांची, हे बाईंनाही मान्यच. त्या स्वतः बाहेरून येऊन त्या बेटावर वसलेल्या. पण त्या जुन्या नक्ष्यांची ती विशिष्ट जुळणी त्यांची होती. राग बेटाचा, बंदिश बाईंची.

दिल्लीच्या खटल्यातही वाद याच सीमारेषेवर होता. ‘पोन्नियिन सेल्वन’च्या दुसऱ्या भागातील गीतात डागरवाणी परंपरेचा उल्लेख होता. वादीचे म्हणणे, केवळ परंपरेचे नाव पुरेसे नाही. ही ‘शिवस्तुती’ नासिर फैयाजुद्दीन व नासिर झहीरुद्दीन या डागर बंधूंची रचना आहे, त्यांचे नाव घाला. एप्रिल २०२५ मध्ये एका न्यायमूर्तींनी ते मान्य केले. सप्टेंबरात खंडपीठाने तो आदेश रद्द केला. कायद्याच्या बारकाव्यांत मी शिरत नाही. पण ‘परंपरेतून’ एवढे म्हणून मोकळे होणे, हे कित्येकदा जवळच्या माणसाचे नाव टाळण्याची सोय असते, एवढे मात्र अनुभवाने सांगतो. ‘आजीबाईंची पारंपरिक वीण’ असे लिहिणारीला ती आजी कोण, हे बहुधा पक्के ठाऊक असते.

याची दुसरी बाजू नॉर्वेत पाहायला मिळते. तेथल्या सेल्बू गावी १८५७ साली मारित नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने आणि तिच्या बहिणींनी काळ्या-पांढऱ्या लोकरीचे, आठ पाकळ्यांच्या फुलाचे हातमोजे घालून चर्चमध्ये प्रवेश केला. ते फूल तिने निर्माण केले नव्हते. युरोपात ते कितीतरी जुने. पण तेथल्या हातमोज्यावर ते आणले तिने. पुढे त्या हातमोज्यांवर सगळ्या गावाचा संसार चालला, आणि सेल्बूने तिचे नाव विसरले नाही. नक्षी सर्वांची म्हणून मारितला कोणी गाळले नाही, आणि मारितचे नाव लावले म्हणून दुसऱ्या कोणाचा हात अडला नाही. दीडशे वर्षांपूर्वी एका खेड्याला हे जमले.

शेवटी, नावाने सर्व भागते असेही नव्हे. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली आपली गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते, त्या मुलुखात नरसापूर येथे क्रोशाच्या लेसचा मोठा व्यवसाय आहे. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात तो तेथे रुजवला. क्रोशाचे काम हुबेहूब करणारे यंत्र कारखान्यांत अजूनही रुळलेले नाही. तेव्हा दुकानात कितीही स्वस्त क्रोशा दिसला, तरी तो कोणाच्या तरी बोटांनी केलेला आहे, हे समजून असावे. मारिया मीस या जर्मन विदुषींनी १९८२ साली नरसापूरवर पुस्तक लिहिले. लेस विणणाऱ्या हजारो बायका ‘घरी बसून फावल्या वेळात’ काम करतात असे मानून त्यांना किती तुटपुंजी मजुरी दिली जाते, आणि तीच लेस परदेशी पाठवणारे व्यापारी कसे वर येतात, ते त्यांनी दाखवले. २०२४ साली या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदच आहे. पण मानांकनाने गावाचे नाव झाले. विणणारीचे नाव आणि विणणारीचा दाम हे दोन्ही हिशेब त्यातून आपोआप चुकते होत नाहीत.

तेव्हा आपल्यापुरते काय करावे? विणी आणि टाके मोकळेपणाने द्यावेत. त्यांवर कुलूप घालणे हास्यास्पद आहे. नमुन्याची बांधणी कोणाची हे ठाऊक असेल, तर तिचे नाव पहिल्याच ओळीत लिहावे, आणि जिच्याकडून शिकलो तिचे त्याखाली. ठाऊक नसेल, तर ‘अमुक गावी पाहिले’ असे प्रामाणिकपणे लिहावे. खोट्या आजीमागे लपू नये. पैसे देऊन घेतलेला नमुना मैत्रिणींना वाटू नये. ज्या मुलीने टाके मोजत रात्री घालवल्या, तिचे ते मीठ-भाकर आहे. आणि दुसऱ्याच्या बांधणीवर पैसा मिळवायचा असेल, तर आधी विचारावे व वाटा द्यावा. त्या मुलीने असे केले असते, तर तिचा एकही ग्राहक कमी झाला नसता. ज्यांच्याकडे देण्यासारखे आहे, अशा थोरल्या बायकांनाही एक विनंती. रुसून वही मिटू नका. उलट ती लिहून काढा, तारीख घाला, नाव घाला, आणि मग खुशाल वाटा. लिहिलेले नाव पुसणे, न लिहिलेले विसरण्याइतके सोपे नसते.

लग्नसराई फार दूर नाही. रुखवत मांडाल तेव्हा नवरीच्या नावाची चिठ्ठी अवश्य लावा. तिचा तो दिवस आहे. पण तिच्याखाली आणखी एक ओळ लिहायला जागा ठेवा: वीण कोणाची, आणि शिकवली कोणी. पाहुणे ती ओळ वाचतील, आणि त्यांतली एखादी त्या बाईंचा पत्ता विचारील. विद्या पुढे जाते ती अशीच.